चेंडू वळला, पण साक्ष कोणाची?

हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल, असे आपण सहज म्हणून जातो. गावच्या पारावर असो, नाहीतर कोर्टात असो, ‘मी स्वतः पाहिले’ असे कोणी छातीवर हात ठेवून सांगितले की पुढे बोलायला जागा उरत नाही. परंतु अमेरिकेत एक वाद असा होऊन गेला की, मैदानावर हजारो माणसे ती गोष्ट रोज पाहत होती आणि तरीही ती खरी की खोटी याचा निकाल जवळजवळ नव्वद वर्षे लागला नाही. वाद जमिनीचा नव्हता, वारशाचा नव्हता. बेसबॉल या खेळात हाताने फेकलेला चेंडू हवेतल्या हवेत वळतो की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: अमुक एक खेळाडू नेमके कोणकोणत्या प्रकारचे चेंडू टाकत होता, हे पन्नास-शंभर वर्षांनी आपण कशावरून सांगायचे? मी इतिहास शिकवतो, खेळ शिकवत नाही. पण पुराव्याची पारख कशी करावी हे वर्गात सांगताना मला या चेंडूइतके सोपे उदाहरण दुसरे सापडलेले नाही, म्हणून आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी जवळून पाहिला आहे, तेव्हा आधी त्याविषयी दोन शब्द. बेसबॉलमध्ये आपल्या गोलंदाजाच्या जागी जो असतो त्याला ‘पिचर’ म्हणतात. तो मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो आणि ६० फूट ६ इंचांवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. फलंदाजाच्या पुढ्यात १७ इंच रुंदीची एक पांढरी पाटी जमिनीत बसवलेली असते. तिच्यावरून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून चेंडू गेला म्हणजे तो नीट टाकला असे समजतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. तेव्हा अंतर साधारण तेवढेच धरा. पण दोन मोठे फरक आहेत. पिचर धावत येत नाही, आणि त्याचा चेंडू टप्पा घेत नाही. आपला फिरकी गोलंदाज चेंडू वळवतो तो मुख्यतः जमिनीच्या मदतीने. टप्पा पडला, माती लागली, चेंडू वळला. पिचरला मातीचा आधारच नाही. जे काय व्हायचे ते हवेत. हवेसारखी पातळ वस्तू पाच औंसांच्या टणक चेंडूला बाजूला सारते, हे पुष्कळ शहाण्या माणसांना पटेना. आणि न पटण्यात त्यांचा फार मोठा मूर्खपणा होता असेही मला वाटत नाही.

या वळणाऱ्या चेंडूला ‘कर्व्ह बॉल’ म्हणतात. तो प्रथम कोणी टाकला? अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही उत्तर पाठ असे: कँडी कमिंग्जने. विल्यम आर्थर कमिंग्ज हे त्याचे खरे नाव, जन्म १८४८ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेअर या गावचा. अंगाने अगदी किरकोळ. त्याची हकीकत मोठी गोड आहे. १८६३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिन येथे तो आणि त्याचे सोबती शिंपले भिरकावत खेळत होते. आपल्या कोकणात तिसऱ्या मिळतात ना, त्या जातीचे मोठे शिंपले. भिरकावलेला शिंपला हवेत कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. आपल्याकडची मुले चपटी खापरी तिरकी फेकतात, तीही अशीच वळण घेत जाते. कमिंग्जच्या मनात आले, चेंडू असा वळवता आला तर सोबत्यांची काय फजिती होईल! मग चार वर्षे त्याने मनगट झिजवले, आणि १८६७ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांविरुद्धच्या सामन्यात चेंडू एकदाचा वळला. फलंदाज हवेत बॅट फिरवू लागले आणि पिचर मनातल्या मनात हसू लागला.

आता ही हकीकत आपल्याला कोठून कळली? खुद्द कमिंग्जकडून. केव्हा? १९०८ साली, ‘बेसबॉल मॅगझिन’ नावाच्या मासिकात त्याने लिहिलेल्या लेखातून. म्हणजे घटना घडून चाळीस वर्षे उलटल्यावर, जेव्हा ‘पहिला कोण’ या मानासाठी चार-पाच म्हातारे हमरीतुमरीवर आले होते तेव्हा. बॉबी मॅथ्यूज नावाच्या पिचरची बाजू घेणारे लोक होते. फ्रेड गोल्डस्मिथ नावाचा पिचर तर आयुष्याच्या अखेरपर्यंत सांगत होता की हा मान माझा आहे.

या गोल्डस्मिथची कथा शिक्षक मित्रांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. त्याचे म्हणणे असे की १६ ऑगस्ट १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर आपण लोकांसमक्ष प्रयोग करून दाखवला, आणि हेन्री चॅडविकने तो पाहून दुसऱ्या दिवशीच्या ‘ब्रुकलिन ईगल’ पत्रात छापला. चॅडविक म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. जन्माने इंग्रज, पण बेसबॉलच्या लेखनात त्या काळी त्याच्या शब्दाला तोड नव्हती. वृत्तपत्राचे नाव आहे, तारीख आहे, साक्षीदार नामांकित आहे. याहून पक्का पुरावा काय हवा? पुस्तकांमागून पुस्तकांत ही गोष्ट उतरत गेली. पुढे संशोधकांनी ‘ब्रुकलिन ईगल’चा तो अंक काढून पाहिला. त्या अंकात असा मजकूरच नाही! गोल्डस्मिथचा जन्म १८५६ चा. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये तो तेरा-चौदा वर्षांचा पोरगा होता, याचा तरी कोणी विचार करायचा होता. पण तारीख आणि वृत्तपत्राचे नाव छापलेले दिसले की मूळ अंक उघडण्याचे कष्ट कोण घेतो?

महाराष्ट्रात ही गोष्ट नवी वाटू नये. शिवाजीमहाराजांविषयी सभासदाची बखर आहे, ती महाराजांच्या दरबारातल्या माणसाने, त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिलेली. आणि मल्हार रामराव चिटणिसांची बखर आहे, ती शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. दोन्ही बखरीच, पण दोहोंचे वजन सारखे धरून चालत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले ते यासाठीच, की बखरकार काय म्हणतो त्याआधी त्या दिवशी लिहिलेला कागद काय म्हणतो ते पाहावे. कमिंग्जचा लेख ही बखर आहे. गोल्डस्मिथचा दावा म्हणजे ज्याचा मूळ कागदच नाही अशी सनद.

कमिंग्ज खोटारडा होता, असे मी म्हणत नाही. तो उत्तम पिचर होता आणि कर्व्ह बॉलमुळेच नावारूपाला आला, यात शंका घेण्याचे कारण नाही. घात केला तो ‘पहिला’ या शब्दाने. हवेचे नियम काही १८६७ साली सुरू झाले नाहीत. ज्या कोणाचे मनगट चेंडू सोडताना फिरले असेल, त्याचा चेंडू थोडाफार वळलाच असेल. त्याला ते कळले नसेल एवढेच. समजून, हवा तेव्हा, हव्या त्या बाजूला वळवणे ही कला कोणा एकाच्या घरी जन्मली असेल असे मला तरी वाटत नाही.

ते असो. पण मुळात चेंडू वळतो का, हा प्रश्न अजून बाकीच आहे. शंका घेणारे म्हणत, हा नजरेचा खेळ आहे. त्यांची तोंडे बंद करण्यासाठी त्या काळी खांबांचा प्रयोग करीत. एका सरळ रेषेत तीन खांब रोवायचे आणि चेंडू असा टाकायचा की तो पहिल्या खांबाच्या उजवीकडून, मधल्याच्या डावीकडून आणि शेवटच्याच्या पुन्हा उजवीकडून जावा. सरळ जाणाऱ्या वस्तूला हे कधीच जमणार नाही. भूमितीच आड येते. १८७७ साली सिनसिनाटी येथे असा प्रयोग झाला तेव्हा एक पिचर उजव्या हाताचा आणि एक डावखुरा घेतला होता. का, ते लक्षात आले का? एकाच बाजूला चेंडू वळला असता तर शंकेखोरांनी म्हटले असते, वारा त्या बाजूचा होता! प्रयोग चांगला होता. पण ज्यांनी पाहिला त्यांच्यापुरता. ज्यांनी वृत्तपत्रात वाचला त्यांना तो ऐकीव. आणि चेंडू किती वळला याचा आकडा त्यातून मिळत नव्हता.

गंमत अशी की विद्वानांच्या पुस्तकांत याचे उत्तर केव्हाचेच पडून होते. १६७२ साली न्यूटनने प्रकाशाविषयीच्या एका पत्रात सहज लिहून ठेवले होते की टेनिसचा चेंडू तिरका मारला की वळत जातो. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्सने बंदुकीच्या गोळ्या फिरत असल्या की सरळ वाट सोडतात असे दाखवले. (हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची कामे पाहायला मद्रासकडे आला आणि १७५१ साली तिकडेच वारला.) १८५२ साली जर्मनीत माग्नुसने त्यावर प्रयोग केले, म्हणून या परिणामाला त्याचे नाव पडले. समजायला गोष्ट अवघड नाही. गरगर फिरणारा चेंडू आपल्या अंगालगतची हवा ओढून एका बाजूला फेकतो. हवा उलट त्याला दुसऱ्या बाजूला रेटते. बेसबॉलच्या कातड्यावर लाल दोऱ्याची उठावदार शिवण असते, ती हवा धरायला आणखी मदत करते. पण बंदुकीच्या गोळ्यांचे पुस्तक वाचणारा मैदानावर जात नव्हता आणि मैदानावर जाणारा ते पुस्तक उघडत नव्हता. ज्ञान एका घरात आणि गरज दुसऱ्या घरात, असे नेहमीच होते.

मग छायाचित्र आले. माणूस चुकेल, पण कॅमेरा कसा चुकेल? १९४१ च्या सप्टेंबरात ‘लाइफ’ या प्रसिद्ध साप्ताहिकाने योन मिली या नामांकित छायाचित्रकाराकडून क्षणोक्षणी लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या उजेडात फेकलेल्या चेंडूंची चित्रे काढवली. चेंडू टाकणाऱ्यांत कार्ल हबेल होता, त्या काळचा एक थोर पिचर. चित्रे पाहून साप्ताहिकाने लिहिले की कर्व्ह बॉल हा बहुधा दृष्टिभ्रमच असावा! कल्पना करा, ज्या माणसाने आपल्या वळत्या चेंडूवर भलेभले फलंदाज बाद केले, त्याच्याच चेंडूची चित्रे काढून त्याला सांगायचे की तुझा चेंडू वळतच नाही. बारा वर्षांनी, १९५३ साली, त्याच ‘लाइफ’ने पुन्हा कॅमेरे लावले आणि आता सांगितले की चेंडू वळतो. साप्ताहिक तेच, यंत्र त्याच जातीचे, निकाल उलटा. छायाचित्र खोटे बोलत नाही हे खरे. पण ते कोठून घेतले, कोणता चेंडू घेतला, आणि पाहणाऱ्याने त्यात काय शोधले, हे छायाचित्र सांगत नाही.

अखेर हा प्रश्न एका म्हाताऱ्याने हाती घेतला. लायमन ब्रिग्ज हे त्याचे नाव. वजने-मापे आणि मोजमापांची जी अमेरिकी सरकारची राष्ट्रीय संस्था होती, तिचा तो १९३२ ते १९४५ पर्यंत संचालक होता. १९३९ साली युरेनियमचा अभ्यास करायला सरकारने जी पहिली समिती नेमली, तिचाही अध्यक्ष तोच. अणुबाँबच्या इतिहासात ज्याचे नाव येते तो मनुष्य निवृत्तीनंतर, ऐंशी उलटल्यावर, चेंडू घेऊन बसला. कारण लहानपणापासून त्याला या खेळाचे वेड होते.

ब्रिग्जची रीत पाहा. ‘चेंडू वळतो का’ असा मोघम प्रश्न त्याने विचारला नाही. त्याने प्रश्नाचे तुकडे केले. चेंडू वाटेत किती फेरे घेतो? अमुक फेरे आणि अमुक वेग असला तर तो किती इंच सरकतो? पहिल्या प्रश्नासाठी तो वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ मैदानावर गेला आणि तिथल्या संघातले पेद्रो रामोस आणि कामिलो पास्कुआल हे दोन क्यूबाचे पिचर त्याने बोलावले. चेंडूला एक हलकी, चपटी फीत चिकटवली आणि तिचे दुसरे टोक मोकळे ठेवून ती जमिनीवर सैल पसरली. पिचरने चेंडू टाकला की फीत त्याच्यामागे ओढली जाई आणि चेंडूच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तिला एक पीळ बसे. मग काय, पीळ मोजायचे! आपल्याकडे दोरी वळणाऱ्याला हे सांगायला नको. सात ते सोळा फेरे भरले. एका फितीने ते काम केले जे पन्नास वर्षांच्या वादविवादाने झाले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याने वाऱ्याचा बोगदा वापरला. विमानांचे नमुने तपासण्यासाठी ज्यात यंत्राने जोराचा वारा सोडतात, तसला. फिरता चेंडू त्या वाऱ्यात वरून खाली सोडायचा आणि तळाशी त्याची खूण कोठे उमटते ते मोजायचे. एकदा एका बाजूला फिरवून, एकदा उलट. १९५९ साली त्याने निकाल प्रसिद्ध केला तेव्हा त्याचे वय ८५ च्या आसपास होते. सेकंदाला १०० फूट वेग आणि मिनिटाला १८०० फेरे असले, तर पिचरपासून फलंदाजापर्यंत जाताना चेंडू १७ इंच आणि वर अर्धा इंच बाजूला सरकतो. मघाशी सांगितलेली पाटी आठवते ना? तिची रुंदी १७ इंच. म्हणजे पाटीच्या एका कडेवर येणार असे वाटणारा चेंडू दुसऱ्या कडेपलीकडे जाऊ शकतो. फलंदाज बिचारे खोटे बोलत नव्हते.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धेच शिकलो असे होईल. कारण शंकेखोरही सपशेल खोटे ठरले नाहीत. फलंदाज शपथेवर सांगत की चेंडू सरळ येतो आणि अगदी शेवटी, पाटीपाशी, एकाएकी मोडतो. असे होत नाही. चेंडूची वाट ही पहिल्यापासून अखेरपर्यंत एकसारखी कमान असते. तिला मध्येच कोपरा नसतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनलेखात याचे कारण असे सुचवले आहे की वेगाने येणाऱ्या चेंडूवर फलंदाजाची नजर शेवटपर्यंत टिकत नाही. चेंडू नजरेच्या मध्यातून कडेला जातो, आणि डोळ्याच्या कडेने पाहिलेली फिरती वस्तू नसलेल्या ठिकाणी सरकलेली भासते. तीच गोष्ट वेगवान चेंडूची. सर्वांत जलद चेंडू पाटीजवळ येताना वर उसळतो, असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या फलंदाजांनी सांगितले. वरून हात फिरवून फेकलेला चेंडू उसळत नाही. उलट्या फिरकीमुळे तो नेहमीपेक्षा कमी पडतो, इतकेच. मन म्हणते चेंडू आता इथवर खाली येईल. तो तितका येत नाही. म्हणून तो वर चढला असे वाटते. म्हणजे एकच प्रामाणिक साक्षीदार, एकाच दिवशी, कर्व्हच्या वळण्याविषयी बरोबर आणि त्याच्या मोडण्याविषयी चूक!

आता येऊ दुसऱ्या प्रश्नाकडे. चेंडू वळतो हे ठरले. पण अमुक एका पिचरकडे कोणते चेंडू होते, हे कसे कळावे? इथे तर दप्तराचीच पंचाईत. सामन्याचा गुणतक्ता किती फलंदाज बाद झाले हे सांगतो. चेंडू कोणता होता हे सांगत नाही. मग उरतात वृत्तपत्रांतली वर्णने, आणि त्यांत नावांचा घोळ. शंभर वर्षांपूर्वीचे वार्ताहर ‘इनशूट’, ‘आउटकर्व्ह’, ‘ड्रॉप’ असे शब्द वापरीत. न्यूयॉर्कचा क्रिस्टी मॅथ्यूसन ज्याला ‘फेडअवे’ म्हणे, तो उलट बाजूला वळणारा चेंडू पुढे वर उल्लेखिलेल्या हबेलच्या काळात ‘स्क्रूबॉल’ नावाने प्रसिद्ध झाला. आज ज्याला ‘स्लायडर’ म्हणतात, त्याला जुने लोक तुच्छतेने ‘निकल कर्व्ह’ म्हणत. निकल म्हणजे पाच सेंटांचे नाणे. आपण ‘चवलीचा कर्व्ह’ म्हणू. आता एखाद्या जुन्या पिचरच्या बातमीत ‘स्लायडर’ शब्द आला नाही, म्हणून तो ते टाकत नव्हता असे कसे म्हणणार? मोडी कागदातला ‘होन’ पाहून त्याचे आजचे रुपये करणाऱ्याची जी गत, तीच इथे.

बरे, मग स्वतः पिचरलाच विचारावे! त्याच्याइतके कोणाला ठाऊक? पण पिचरचा धंदाच मुळी फसवण्याचा आहे. चेंडूला थुंकी लावून टाकायची एक जुनी युक्ती होती, ‘स्पिटबॉल’. १९२० साली ती बंद केली. ज्यांची त्यावरच भाकरी होती अशा १७ जणांना तेवढी सवलत दिली, आणि त्यांतला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ साली खेळातून गेला. त्यापुढे स्पिटबॉल टाकणे हा गुन्हा. पण गेलॉर्ड पेरी नावाच्या पिचरने खेळत असतानाच, १९७४ साली, आपल्या या चोरट्या चेंडूविषयी आख्खे पुस्तक प्रसिद्ध केले! पंच त्याची टोपी तपासत, बाह्या तपासत. तो भर मैदानात कपाळाला, मानेला हात लावत राही. फलंदाजाच्या मनात भूत बसले की काम झाले, चेंडू ओला असो की कोरडा. १९८२ साली एकदा तो पकडला गेला. त्याची साक्ष मानायची तर किती? नाकारणाऱ्या पिचरला शिक्षेची भीती होती. कबूल करणाऱ्याला कबुलीचा फायदा होता.

या रानात वाट काढण्याचे काम बिल जेम्स आणि रॉब नायर या दोघांनी केले. (हे नायर केरळातले नव्हेत.) जेम्स हा कॅन्सस राज्यातल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीला पहारा करी आणि त्या शांततेत खेळाचे आकडे मांडत बसे, १९७७ साली त्याने पदरमोड करून पहिले पुस्तक काढले. २००४ साली या दोघांनी पिचरांविषयी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. शेकडो पिचर, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणते चेंडू टाकत असे त्याची नोंद. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, हे कोणी म्हटले आणि कोणत्या साली म्हटले, तेही जागोजागी नोंदले आहे. कारण माणूस विसाव्या वर्षी टाकत असलेला चेंडू पस्तिसाव्या वर्षी टाकत नसतो. जिथे दोन साक्षी जुळत नाहीत तिथे दोन्ही छापल्या आहेत. असे पुस्तक वाचायला कंटाळवाणे असते, पण त्यावर भिंत उभी राहते.

त्यानंतर दोनच वर्षांनी यंत्र आले. २००६ च्या हंगामाअखेरच्या सामन्यांपासून मैदानांवर कॅमेरे बसवून प्रत्येक चेंडूची वाट टिपण्यास सुरुवात झाली. २००८ पर्यंत तीसही मोठ्या संघांच्या मैदानांवर ते बसले, आणि आकडे कोणालाही पाहायला खुले केले गेले. पुढे रडार आले, २०२० पासून आणखी नवे कॅमेरे आले. वेग, फेरे, किती इंच सरकला, सर्व काही त्याच क्षणी. कर्व्ह बॉलचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या घरात असतात, हे आता कोणीही पाहू शकतो. फितीचे पीळ मोजणारा ब्रिग्ज हे पाहून खूश झाला असता.

म्हणजे आता तरी वाद संपला? आकड्यापुरता संपला. पण आकडा वाचणाऱ्यालाही सावध राहावे लागते. १९४६ साली, त्याच ग्रिफिथ मैदानावर, लष्कराच्या यंत्राने बॉब फेलरचा चेंडू तासाला ९८.६ मैल भरला. आज शंभर मैलांवर टाकणारे पिचर पुष्कळ आहेत. मग फेलर त्यांच्याहून मंद होता काय? तसे लगेच म्हणता येत नाही. फेलरचा चेंडू पाटीपाशी पोचताना मोजला होता. आज मोजतात तो हातातून सुटताना. हवेतून येता येता चेंडूचा वेग दर शंभर मैलांमागे आठ-नऊ मैलांनी उतरतो. मापाचा आकडा लिहिला आणि मापाची जागा लिहिली नाही, तर तो आकडा निम्मा फुकट.

आणि नावाचे काय? यंत्र वाट टिपते. नाव माणसांनीच ठरवलेल्या नियमांनी पडते. २०२३ साली अमेरिकेच्या मुख्य लीगच्या नोंदींत ‘स्वीपर’ असे एक नवे नाव दाखल झाले. आडवा झाडू मारल्यासारखा लांब सरकणारा चेंडू तो स्वीपर. पण तसे चेंडू त्याआधीही पडतच होते. आदल्या वर्षापर्यंत त्यांना ‘स्लायडर’ म्हणत. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक त्या नोंदी पाहील आणि लिहील की २०२३ साली पिचरांनी एक नवा चेंडू शोधून काढला. एखादा कमिंग्जही त्याला सापडेल.

कमिंग्जचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तो १९२४ साली वारला. १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या गावी थोर बेसबॉलपटूंचे जे स्मृतिमंदिर आहे, त्यात त्याची निवड झाली आणि तिथे त्याच्या नावाची कांस्याची पाटी बसली. त्याच वर्षी गोल्डस्मिथ मरण पावला. त्याची पाटी नाही. कमिंग्जच्या पाटीवर असे कोरले आहे की त्याने कर्व्ह बॉलचा शोध १८६७ साली, ब्रुकलिनच्या ‘स्टार्स’ संघाचा हौशी पिचर असताना लावला, आणि १८७६ साली हार्टफर्ड संघात त्याची कारकीर्द संपली. पण १८६७ साली तो ‘स्टार्स’कडे नव्हता, ‘एक्सेल्सियर’ संघात होता. ‘स्टार्स’कडे गेला तो दुसऱ्या वर्षी. आणि १८७७ साली तो सिनसिनाटी संघाकडून खेळला, हे त्या वर्षीच्या गुणतक्त्यांत छापलेले आहे.